मागच्या बाकावरचा टॅब

शाळेला टॅब मिळाला की आधी डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, त्याची नोंद होते. नग, किंमत, पुरवठादार, तारीख, मुख्याध्यापकांची सही. सही करणाऱ्याच्या डोक्यात त्याच क्षणी पुढचा हिशेब सुरू होतो. काच फुटली तर भरून कोण देणार? बदली झाली तर चार्ज देताना नग पूर्ण भरायला हवेत. म्हणून टॅब शिक्के, जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि प्रयोगाच्या परीक्षानळ्या यांच्या शेजारी लोखंडी कपाटात जातो आणि कुणी बघायला येणार असलं की आदल्या दिवशी चार्जिंगला लागतो. बी. एड.च्या विद्यार्थ्यांचे सराव पाठ बघायला मी कोल्हापूर शहरात, करवीर तालुक्यात, कधी पन्हाळ्याकडे, कधी राधानगरीकडे वर्षानुवर्षं जाते आहे. अशी कपाटं पुष्कळ पाहिली. त्या मुख्याध्यापकांना मी दोष देत नाही. वस्तू फुटली की चौकशी होते आणि वस्तू न वापरता पडून राहिली तर कुणी काही विचारत नाही, अशी रीत असल्यावर जबाबदार माणूस कुलूपच लावणार. यंत्र वापरताना झिजणार, पडणार, बिघडणार हे धरूनच दिलं पाहिजे आणि त्याचं निर्लेखन, म्हणजे नोंदीतून कमी करणं, सोपं केलं पाहिजे. खडू झिजला म्हणून आपण कुणाला जाब विचारत नाही.

पण कपाटातून बाहेर काढल्यावर टॅबचं करायचं काय, हा खरा प्रश्न आहे आणि त्यावर आपण फारसा विचार केलेला नाही असं मला वाटतं. टॅब म्हटलं की आपल्या बोलण्यात पडदाच येतो. त्यावर कविता चालीत ऐकू येईल, हृदयाचे कप्पे फिरवून बघता येतील, पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचा व्हिडिओ उघडेल. हे सगळं होतं आणि चांगलंच होतं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली, २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, आणि त्या दिवशी आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर जणू घरचं लग्न होतं. ठाणे जिल्ह्यातल्या पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड यांनी पाड्यावरच्या मुलांच्या हातात टॅब दिले, तेव्हा ती शाळा बघायला ठिकठिकाणचे शिक्षक गेले. या कामांचं मोल मी मानते. तरीही वर्गात मागे बसून पाठ बघताना माझं मत हळूहळू वेगळ्या बाजूला गेलं. टॅबच्या पडद्यापेक्षा त्याच्या पाठीवरचा कॅमेरा आणि कडेच्या बारीक छिद्रातला माइक शाळेच्या जास्त उपयोगाचा आहे. शिक्षकाला आपला पाठ बघता यावा आणि मुलाला आपलं वाचन ऐकता यावं, ही सोय आपल्या शाळांत आजवर कधीच नव्हती.

सूक्ष्मअध्यापनाचं, म्हणजे छोट्या पाठातून शिकवण्याचं कौशल्य घोटवण्याच्या पद्धतीचं, चक्र बी. एड. झालेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, सांगेल. सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण (पाठ कसा झाला ते सांगणं), बारा मिनिटांत पाठाची नव्याने आखणी, पुन्हा सहा मिनिटं पाठ, पुन्हा सहा मिनिटं प्रत्याभरण. एकूण ३६ मिनिटं. ही पद्धत १९६३ च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवली. तिथे शिकाऊ शिक्षकाच्या पाठाचं व्हिडिओ चित्रण होई आणि पाठ झाल्या झाल्या त्याला ते दाखवलं जाई. सत्तरच्या दशकात ही पद्धत आपल्याकडे रुजली, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात आणि एनसीईआरटी या राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन संस्थेत त्यावर बरंच काम झालं, आणि तिचं भारतीय रूप तयार झालं. त्या रूपात खरे विद्यार्थी नव्हते आणि चित्रणही नव्हतं. व्हिडिओ रेकॉर्डर त्या काळी आपल्या अध्यापक महाविद्यालयांना परवडणारा नव्हता. मग कॅमेऱ्याच्या जागी निरीक्षण तक्ता घेऊन वर्गमित्र बसला आणि मुलांच्या जागीही वर्गमित्रच बसले.

याचा परिणाम काय झाला ते आम्ही सगळे जाणतो. मित्र मित्राच्या पाठावर काय लिहिणार? ‘आवाज स्पष्ट होता. फलकलेखन सुवाच्य. विद्यार्थ्यांचा सहभाग चांगला. आशयाची मांडणी अधिक रंजक करता आली असती.’ ही चार वाक्यं मी इतक्या वह्यांत वाचली आहेत की विषय कोणता, इयत्ता कोणती याने काही फरक पडत नाही. चांगली रचलेली पद्धत होती, पण तिचा कणाच आपल्याकडे आला नाही. आज दोन-तीन पाठ आरामात साठवेल असा टॅब एका साध्या सायकलच्या किमतीत मिळतो. इतक्या वर्षांनी का होईना, ते चक्र जसं चालायला हवं होतं तसं चालवता येतं.

कोल्हापुरात तालमीचं कुणाला सांगायला नको. वस्ताद हौद्याच्या कडेला उभा असतो, पोराचा पाय कुठं सुटला ते त्याला दिसतं आणि तोच डाव तो पुन्हा खेळायला लावतो. शिक्षकाच्या नशिबी असा वस्ताद नसतो. एकदा नोकरी लागली की पुढची तीस-बत्तीस वर्षं तो बंद दाराआड एकटा शिकवतो. तपासणीला आलेले साहेब वह्या बघतात, पोषण आहाराची नोंद बघतात, पटसंख्या बघतात. पाठ पूर्ण बसून कुणी बघितला असं क्वचितच घडतं.

एका पाठाबद्दल सविस्तर सांगते. करवीर तालुक्यातली शाळा, चौथीचा वर्ग, अपूर्णांकांची ओळख. शिकवणारी मुलगी अभ्यासू, टाचण (पाठाची लेखी आखणी) नेटकं, भाकरीचं पुठ्ठ्याचं चित्र कापून आणलेलं. आम्ही टॅब शेवटच्या बाकावर एका दप्तराला टेकवून ठेवला होता. सुरुवातीला मुलं वळून वळून बघत होती, दहा मिनिटांनी विसरली. (हे नेहमीच होतं. म्हणून पहिल्याच दिवशीच्या चित्रणावरून काही ठरवू नये, मुलांना आणि शिक्षकालाही त्या वस्तूची सवय होऊ द्यावी.) शाळा सुटल्यावर व्हरांड्यात बसून आम्ही दोघींनी तो पाठ पाहिला. पहिल्यांदा नुसता. दुसऱ्यांदा, प्रत्येक प्रश्नानंतर ती किती वेळ थांबते ते मोजत. प्रश्न होता, ‘या भाकरीचे चार सारखे भाग केले, त्यातला एक भाग म्हणजे किती?’ प्रश्नचिन्ह संपतंय न संपतंय तोच ती ‘किती? बोला लवकर’ म्हणत होती आणि लगेच ‘एक छेद चार, बरोबर?’ वर्ग एका सुरात ‘बरोबऽऽर’. पुढचा प्रश्न तसाच. त्याच्या पुढचा तसाच.

ती टॅबकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘मॅडम, मी एवढी घाई करतो? मला वाटत होतं मी पोरांना बोलायला देतो.’

मग आवाज बंद करून तिसऱ्यांदा पाहिला. हे मी सगळ्यांनाच करायला सांगते, कारण आवाज बंद केला की आपण शिकवणाऱ्याकडे बघणं सोडून मुलांकडे बघू लागतो. खिडकीजवळच्या रांगेत एक मुलगी वहीच्या पानाची घडी घालत होती. दोनदा दुमडलं, उलगडलं, चार चौकोन पडले. त्यांवर बोट फिरवलं. हात अर्धा वर केला. तेवढ्यात वर्गाचं ‘बरोबर’ झालं असणार, कारण तिने हात खाली घेतला आणि पान पुन्हा सरळ करून ठेवलं. अपूर्णांक म्हणजे काय ते त्या मुलीने स्वतःच्या हाताने शोधलं होतं आणि वर्गात कुणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. सगळे फळ्याकडे बघत होते. मागच्या बाकावरचा टॅब मात्र सगळीकडे सारखाच बघत होता.

दुसऱ्या तुकडीवर तिने तोच पाठ घेतला. या वेळी पुठ्ठ्याची भाकरी बाजूला ठेवली आणि प्रत्येकाला कागद दिला. प्रश्न विचारला आणि थांबली. ते थांबणं चित्रणात बघताना फार लांबल्यासारखं वाटतं, तिच्या चेहऱ्यावरची धडधड दिसते. पण एक पोरगा उठला आणि म्हणाला, ‘बाई, माझं बी चार भाग हाईत, पर ह्यो एक मोठा हाय. मग ह्यो पाव न्हवं.’ सारखे भाग असल्याशिवाय पाव म्हणता येत नाही, ही व्याख्या पुस्तकात चौकटीत छापलेली असते. इथे ती त्याच्या तोंडून आली, कारण त्याला बोलायला जागा मिळाली.

या थांबण्यावर मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने सत्तरच्या दशकात काम केलं आहे. विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून तिने दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. तो वेळ तीन सेकंदांवर नेला तर मुलांची उत्तरं लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होतं, मागे पडलेली समजली जाणारी मुलं बोलू लागतात आणि मुलं स्वतः प्रश्न विचारतात. आमच्याकडे हे अभ्यासक्रमात आहे, परीक्षेत विचारलंही जातं. ‘प्रतीक्षाकाळ स्पष्ट करा’ या प्रश्नाला दहापैकी नऊ गुण मिळवणारी व्यक्ती वर्गात अर्धा सेकंदही थांबत नाही, कारण सेकंद कसा असतो ते तिने स्वतःच्या पाठात कधी पाहिलेलंच नसतं.

चित्रणाबद्दल शिक्षकांना भीती वाटते, आणि ती वाटायलाच हवी. एका शाळेतल्या वयस्कर गुरुजींनी मला पहिलाच प्रश्न विचारला, ‘हे रेकॉर्डिंग वर जाणार का?’ वर म्हणजे वरिष्ठांकडे. त्यांना मी लिहून दिलं की चित्रण शिक्षकाचं आहे, ते कुणाला दाखवायचं ते शिक्षकच ठरवेल, आणि काम झालं की तोच ते पुसून टाकेल. ही अट मोडली तर सगळंच बिघडतं, कारण मग शिक्षक टॅबसमोर तपासणीचा पाठ घेईल आणि टॅब नसताना रोजचा. मुलांच्या बाबतीत तर आणखी कडक राहायला हवं. पालकांची परवानगी आधी घ्यायची, चित्रण कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं नाही, कितीही गोड असलं तरी नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. कायदा नसता तरीही, चुकीचं उत्तर देणाऱ्या पोराचा चेहरा गावभर फिरवण्याचा हक्क आपल्याला कुणी दिलेला नाही.

शिक्षक प्रशिक्षणाचं डिजिटल रूप आपण करोनाच्या काळात भरपूर अनुभवलं. घटक उघडायचा, व्हिडिओ शेवटपर्यंत चालवायचा, प्रश्नावली सोडवायची, प्रमाणपत्र उतरवून घ्यायचं. मी अशा अभ्यासक्रमांतून काही चांगलं शिकलेसुद्धा. पण ठरावीक तारखेपर्यंत अमुक इतके जण पूर्ण झाले पाहिजेत असा तगादा लागला की व्हिडिओ ओट्यावर चालू असतो आणि माणूस पोळ्या लाटत असतो. त्या शिक्षकांना मी नावं ठेवणार नाही. ज्या प्रशिक्षणात त्यांच्या वर्गातल्या एकाही मुलाचा उल्लेख नाही, त्याच्यासमोर त्यांनी डोळे लावून का बसावं? तेच शिक्षक स्वतःच्या पाठाची सहा मिनिटं बघताना पापणी लववत नाहीत.

या बाबतीत केनियाचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. तिथे प्राथमिक वर्गांच्या वाचनासाठी आधी किसुमू भागात एक प्रयोग झाला. काही शाळांत मुलांच्या हातात ई-रीडर दिले, काही ठिकाणी शिक्षकांना टॅब दिले आणि काही ठिकाणी फक्त शाळाभेटी देणाऱ्या मार्गदर्शकांना टॅब दिले. तिन्हींकडे मुलांचं वाचन सुधारलं. तिन्हींतला फरक मात्र इतका किरकोळ होता की मार्गदर्शकाला टॅब देणं, म्हणजे अनेक शाळांमागे एक टॅब, हाच सगळ्यात कमी खर्चाचा मार्ग ठरला. पुढे २०१५ पासून ‘तुसोमे’ हा कार्यक्रम देशभर गेला तेव्हा याच पद्धतीने. मार्गदर्शक वर्गात बसून पाठ बघतो, टॅबवर नोंदवतो, दोन-तीन मुलांकडून वाचून घेतो, मग शिक्षकासोबत बसून बोलतो. प्रवासभत्ताही त्या नोंदीशी जोडलेला, म्हणजे भेट खरोखर झाली तरच पैसे.

आपल्याकडे हा मार्गदर्शक आधीपासूनच आहे. त्याला केंद्रप्रमुख म्हणतात. आसपासच्या शाळांचं एक केंद्र, त्यांची ठरलेली शिक्षण परिषद, एकमेकांच्या शाळेतून शिकणं ही कल्पना कोठारी आयोगाने मांडलेल्या शाळा-संकुलाच्या जवळची आहे, आणि १९६४-६६ च्या त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्या आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. दिल्लीत बसून देशाच्या शिक्षणाचा आराखडा लिहिणाऱ्या या माणसाने गारगोटीला मौनी विद्यापीठात खेड्यातल्या शिक्षणाचं काम केलेलं होतं. समता, गुणवत्ता आणि संख्या हा तिहेरी पेच त्यांनी आयुष्यभर मांडला. एक धरायला जावं तर दुसरं सुटतं. टॅबखरेदीच्या प्रत्येक चर्चेत मला तोच पेच दिसतो. प्रत्येक मुलाला द्यायचा म्हटलं तर स्वस्तातला घ्यावा लागतो, चांगला घ्यायचा म्हटलं तर थोड्यांनाच मिळतो. केंद्रप्रमुखाच्या हातात टॅब दिला तर हा पेच बराच सैल होतो. अडचण एवढीच की केंद्रप्रमुखांच्या कितीतरी जागा रिकाम्या असतात आणि जे आहेत ते माहिती गोळा करण्यात बुडालेले असतात. अमुक ॲपवर हजेरी, तमुक ॲपवर आहार, लिंकवर फोटो. त्यांच्या हातातल्या यंत्राने त्यांना वर्गापासून लांब नेलं आहे. तेच यंत्र त्यांना वर्गात परत आणू शकतं, फक्त त्यांच्याकडून काय मागायचं ते बदलावं लागेल.

मुलांच्या हातात टॅब द्यायचाच नाही असं माझं म्हणणं नाही. पण नुसतं यंत्र दिल्याने काय होतं हे आता जगाला माहीत आहे. पेरू देशाने गरीब मुलांना लाखो लॅपटॉप वाटले आणि ३१९ शाळांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले तेव्हा गणितात आणि भाषेत काहीच फरक पडलेला नव्हता. आपल्या सरकारचा स्वस्तातला आकाश टॅबलेट ५ ऑक्टोबर २०११ ला मोठ्या आशेने आला. पहिल्या आकाशचा पडदा बोट नुसतं टेकवून चालत नसे, दाबावं लागे, आणि त्यावर काय शिकवायचं ते तर कुणी नीट ठरवलंही नव्हतं. याउलट दिल्लीत माइंडस्पार्क नावाच्या प्रणालीचा अभ्यास झाला, तिथे साडेचार महिन्यांत सहावी ते नववीच्या मुलांची गणितात आणि हिंदीतही ठळक प्रगती झाली. कारण स्पष्ट होतं. सातवीतलं मूल तिसरीच्या पातळीवर असेल तर यंत्र त्याला तिसरीपासून धरत होतं. आणि तिथेही निम्मा वेळ यंत्रासमोर आणि निम्मा वेळ छोट्या गटात माणसासोबत होता, हे सांगायला लोक विसरतात.

घरी फोन आहे म्हणजे शिक्षण आपोआप होईल, हेही खरं नाही. ‘असर’ या शैक्षणिक अहवालाच्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात फोन अभ्यासासाठी वापरल्याचं सांगितलं आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी.

लहान मुलांसाठी मला सगळ्यात आवडलेला उपयोग अगदी साधा आहे. एका दोन शिक्षकी शाळेत बाईंनी टॅबवर फक्त आवाज रेकॉर्ड करायचं ॲप ठेवलं होतं. मुलाने व्हरांड्यात जायचं, पुस्तकातला एक उतारा वाचायचा, ऐकायचा, नाही आवडला तर पुसून पुन्हा वाचायचा, आवडला की बाईंना द्यायचा. तिसरीतली एक मुलगी बाकाखाली पाय हलवत वाचत होती. ‘पा... पाव... पावसाळ्यात.’ ऐकलं, तोंड वाकडं केलं, पुसलं. पुन्हा वाचलं. या वेळी ‘पावसाळ्यात’ सलग आलं पण पुढे ‘ओढ्याला’ अडलं. पुसलं. वर्गात गुरुजींनी तोच उतारा पुन्हा वाचायला लावला असता तर तिसऱ्या वेळी ती रडवेली झाली असती, बाकीची पोरं हसली असती. इथे स्वतःच्या कानाने ती स्वतःला दुरुस्त करत होती आणि अजिबात कंटाळत नव्हती. बाईंना दिला तो उतारा तिने घाई न करता, पूर्णविरामाला थांबत वाचलेला होता. इकडे बाई चौथीच्या मुलांसोबत गुणाकार करत होत्या. दोन वर्ग एकाच खोलीत सांभाळणाऱ्या शिक्षकाला यापेक्षा मोठी मदत कोणती?

त्या शाळेत असे टॅब दोनच होते आणि पुरत होते.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी मला हे सारखं आठवतं. दिवाळीच्या सुमारास बीड, धाराशिवकडच्या टोळ्या येतात, हातकणंगले, शिरोळ, कागलच्या शिवारात पालं पडतात, आणि गाळप संपेपर्यंत मुलं इथल्या शाळेत नाहीतर फडात. ती आल्यावर इथल्या शिक्षकाला कळत नाही की मूल नेमकं कुठवर वाचतं, आणि परत गेल्यावर तिकडच्या शिक्षकाला कळत नाही की इथे काय झालं. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, त्यात इयत्ता आणि नोंदी असतात. त्या कार्डासोबत मुलाच्या वाचनाचं मिनिटभराचं रेकॉर्डिंग गेलं, निघताना एक आणि परतताना एक, तर दुसऱ्या शिक्षकाला मुलाचा आवाजच ऐकायला मिळेल. ‘इयत्ता तिसरी, प्रगती समाधानकारक’ यापेक्षा ते मिनिट पुष्कळ जास्त सांगेल. आणि त्याला ना महागडं ॲप लागतं, ना चोवीस तास इंटरनेट.

इंटरनेटचं म्हणाल तर गगनबावड्याला आणि राधानगरीच्या आतल्या वाड्यांवर पावसाळ्यात वीज जाते ती कधी येईल सांगता येत नाही. रेंज शाळेमागच्या टेकाडावर मिळते आणि त्या टेकाडावर धो धो पाऊस असतो. तिथल्या शिक्षकांना ‘ऑनलाइन’ हा शब्द ऐकूनच शीण येतो. चित्रण आणि ध्वनिमुद्रण यांना रेंज लागत नाही, दीक्षावरचे व्हिडिओही आधी उतरवून ठेवता येतात. चार्जिंगचं मात्र बघावं लागतं. तालुक्याच्या गावात राहणारे शिक्षक टॅब घरी नेऊन चार्ज करून आणतात, पण त्याला डेडस्टॉकचा नियम आड येतो.

आणि एक मुद्दा मी सोडणार नाही. जिल्ह्यात ज्या शाळा डिजिटल म्हणून मिरवतात त्यांतल्या कितीतरी लोकवर्गणीतून झाल्या आहेत. दूध संस्था, साखर कारखाने, गावातून पुण्या-मुंबईला गेलेली मंडळी यांनी हात सैल सोडला. त्या गावांचं कौतुक आहेच. पण ज्या वाडीत दूध संस्था नाही, बारमाही पाणी नाही, मुंबईला गेलेला माणूस स्वतःच गिरणीतून रिकाम्या हाताने परतलेला, तिथल्या शाळेला वर्गणी कुठून मिळणार? १९१७ मध्ये शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला, तेव्हा खर्चाचा भार संस्थानाने उचलला होता. गावाच्या ऐपतीवर त्यांनी शाळा सोपवली नाही. आज टॅबसुद्धा घाटाखालच्या शेवटच्या शाळेला आधी मिळावा आणि रस्त्यावरच्या शाळेला नंतर, असं मला अगदी मनापासून वाटतं.

बी. एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं, शाळेत राहून शिकायचा काळ वाढला, तरी आमच्या विद्यार्थ्यांचा जीव अजूनही टाचणवह्या सजवण्यात जातो. समासाला लाल रेघ, शीर्षकाला निळी शाई, मुखपृष्ठावर कमळ. रात्ररात्र जागून मुलं वह्या पूर्ण करतात आणि त्या वह्या पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येतात. या वर्षी मी माझ्या गटापुरतं वेगळं ठरवलं आहे. टाचण एका पानाचं, साध्या पेनाने. त्यासोबत एकाच घटकाचे दोन पाठ, दोन वेगळ्या तुकड्यांवर घेतलेले आणि टॅबवर स्वतः पाहिलेले. पहिल्या पाठात आपल्याला काय दिसलं, कुठलं मूल दिसलं, कुठे थांबलो नाही, आणि दुसऱ्यात काय बदललं, हे दोन पानांत स्वतःच्या भाषेत लिहायचं. पहिला पाठ फसला म्हणून कुणाचे गुण जाणार नाहीत. आमच्या प्राध्यापकांपैकी दोघांनी त्यांच्या गटांतही हे करून बघतो म्हटलं आहे, आणि त्यातल्या एकांनी अट घातली आहे की आधी आम्ही प्राध्यापकांनी आपल्या तासांचं चित्रण करून एकमेकांना दाखवायचं. जुलैपासून तेच सुरू करतो आहोत.